गेरू लागलेल्या बेचाळीस मेंढ्या

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी निमगाव सावा येथे प्रकल्प समन्वयक सुदर्शन यांनी सुंदराबाईंच्या हातातली भरलेली सिरिंज अदबीने काढून घेतली. समोर हिराबाईंच्या बेचाळीस मेंढ्या उभ्या होत्या. पैकी तेवीस मेंढ्यांना आंत्रविषाराची लस द्यायची राहिली होती. कोवळं गवत उगवण्याआधी ती दिली नाही, तर धडधाकट मेंढी सकाळी चरते आणि दुपारी मरते.

क्षमता नसताना काम उरकणे हा ग्रामीण संस्थांचा जुना दोष आहे. भैरवनाथ महिला मेंढपाळ मंडळ अकरा वर्षे या दोषाने ग्रस्त होते. सुंदराबाई थर्मासात बर्फ घालून लस आणत, मेंढ्यांच्या वाड्यावर जाऊन टोचत आणि टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढत. (हीच नोंदवही. ती स्वतःच्या पायांनी पुढच्या गावी जाई.)

तीन वर्षांपूर्वी चार देणगीदार संस्था एकत्र आल्या आणि मंडळाची क्षमता सात वर्षे बांधायचे ठरले. घाई करायची नाही, हा निर्णय पहिल्याच बैठकीत जेवणाआधी झाला. आजवर आळेफाट्याच्या हॉटेलात एकतीस कार्यशाळा झाल्या. बायकांनी चार्टपेपरवर मंडळाच्या स्वप्नांचे झाड काढले. लसीसाठी फ्रीज आला. त्याची किल्ली आळेफाट्याच्या कार्यालयात असते. क्षमता निर्देशांक २.१ वरून ४.३ वर गेला. टोचलेल्या मेंढ्या वर्षाला दोन हजार शंभर होत्या, त्या यंदा एकोणीस झाल्या. (अहवाल म्हणतो, चुकांचे प्रमाणही घटले.)

या एकोणीस हिराबाईंच्याच. गुरुवारी तेवढ्या टोचून झाल्या आणि शुक्रवारी देणगीदार पाहणीला आले. अर्ध्या कळपाला गेरू, अर्ध्याला नाही, हे फोटोत बरे दिसेना. सुदर्शन यांनी सरसकट बेचाळीस पाठींवर पट्टे ओढायला लावले. पाहुण्यांनी शेरा लिहिला: ‘शंभर टक्के. समुदायाने प्रकल्प अंगीकारल्याचे स्पष्ट दिसते.’

म्हणून सोमवारी सिरिंज थांबली.

“मावशी, गेरू आहे. परत टोचली तर नोंद दुबार होईल,” सुदर्शन म्हणाले.

“सर, ह्यो पट्टा तुमीच वढायला लावला,” सुंदराबाई म्हणाल्या.

“तो फोटोसाठी.”

“मग फोटोलाच टोचा की राव!” हिराबाई म्हणाल्या. “आता माझं जनावर कुठलं टोचलेलं, कुठलं कोरं, कोन सांगनार? समद्यांनाच टोचा. दोनदा टोचल्यानं मेंढी मरत न्हाई, न टोचता मरती.”

हा मुद्दा सुदर्शन यांना तत्त्वतः पटला. त्यांनी लस थंड पेटीत ठेवली, पेटी आळेफाट्याला नेली आणि चौघा देणगीदारांना पत्र लिहिले. सहयोगी पद्धतीत निर्णय एकमताने होतो. तिघांनी संमती दिली आहे. चौथ्यांना हा अनुभव मोलाचा वाटला असून त्यांनी तो वार्षिक शिक्षण-परिषदेसाठी राखून ठेवला आहे. परिषद नोव्हेंबरात आहे.

गवत मात्र पुढच्याच रविवारी दिसले. मंगळवारी दुपारी एक वाजता हिराबाईंची एक मेंढी बांधाला पडली. ती एकोणिसातली की तेविसातली, हे सांगता येत नाही. पाठीवर गेरू आहे.

प्रकल्पाच्या अहवालात ‘पोहोच’ असा एक रकाना असतो. त्यात प्रकल्पाविषयी छापून आलेला मजकूर वाचणारेही धरतात. तुम्ही इथवर वाचलेत, तेव्हा तुमची नोंद झाली. उरलेल्या एकेचाळीस मेंढ्या चरायला गेल्या आहेत.