ग्राहक घरी आहे

फोनवरचा माणूस उभा आहे की बसलेला, हे आमच्या समोरच्या टिपणीसबाईंना नुसत्या आवाजावरून कळतं. जेवलाय की उपाशी आहे, तेही कळतं. मी कळंबोलीच्या लोखंडबाजारात एका ऑफिसात ट्रकांचं डिस्पॅच बघतो, म्हणजे दिवसभर फोनवरच असतो. एकदा जिन्यात थांबवून त्या मला म्हणाल्या, "रविवारी तुम्ही गॅलरीच्या कठड्यावर ओणवे होऊन बोलत होतात. पोट दाबलं की आवाज चपटा येतो. समोरच्याला वाटतं, आपल्याला टाळतायत."

मी खरंच त्याला टाळत होतो.

बाई टेलिफोन खात्यात होत्या. आधी ट्रंक कॉल जोडायच्या, पुढे ते बोर्ड गेले तेव्हा तक्रारी घ्यायच्या. निवृत्त होऊन वीस वर्षं होत आली. लग्न केलं नाही. आई होती, तीही जाऊन बराच काळ झाला. नवीन पनवेलच्या आमच्या चार मजली बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं, त्यांचं आणि आमचं. बारा वर्षांत त्या आमच्या घरात तीनदा आल्या असतील. दारातच बोलायच्या, मोजकं आणि खणखणीत.

त्यांचा फोन म्हणजे लँडलाइन. क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेली. बटणांचा एक मोबाइलही होता, पण तो स्टुलावर ठेवलेला असे आणि भाजीला जातानासुद्धा घरीच राही. "फोन जागेवर असावा. माणसानं हिंडावं," असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी कंपनीचं पत्र आलं. तांब्याच्या जुन्या तारा बंद होणार, फायबरची नवी लाइन घ्यावी, फोन त्यावरच चालेल आणि सोबत इंटरनेटही मिळेल. बाई पत्र घेऊन माझ्याकडे आल्या.

"इंटरनेटचं मी काय करू? पण नंबर तोच राहायला हवा. लोकांकडे तोच आहे."

मी माझ्या मोबाइलवरून त्यांचा अर्ज भरला. तीन दिवसांत माणूस येईल, असं उत्तर आलं. तीन दिवसांनी जुनी लाइन तेवढी बंद पडली. माणूस काही आला नाही.

मग कस्टमर केअर सुरू झालं. मराठीसाठी दोन दाबा म्हणून बाई दोन दाबत आणि पलीकडून हिंदी येई. बाई शांतपणे मराठीतच बोलत राहत. एकदा मी तिथे असताना त्यांनी मोबाइल स्पीकरवर टाकला होता. पलीकडची मुलगी 'असुविधा के लिए खेद है' म्हणायला लागली, तशी बाईंनी तिला थांबवलं.

"तुम्ही जेवला नाहीत."

पलीकडचं हिंदी थांबलं. मग एकदम मराठीत, "नाही मॅडम. ब्रेक तीनला आहे."

"मग पाणी तरी प्या. मी थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. मुलगी पाणी पिऊन आली, तिने तक्रार नीट लिहून घेतली आणि फोन कट झाला. दोन तासांनी मेसेज आला, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.

"आमच्याकडे तक्रार बंद करायची तर आधी फोन सुरू करावा लागायचा," बाई म्हणाल्या.

पुढच्या खेपेस कारण निराळं निघालं. माणूस आला होता म्हणे, पण 'ग्राहक घरी नव्हते'. हे मात्र बाईंना लागलं. त्या आदल्या दिवसापासून भाजीलासुद्धा उतरल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघालो तर त्यांच्या दारावर जाड स्केचपेनने लिहिलेला कागद चिकटवलेला. 'ग्राहक घरी आहे.' दार सताड उघडं, आणि आत खुर्चीवर बाई, इस्त्रीची साडी नेसून बसलेल्या.

असं दहा-बारा दिवस चाललं. बिल्डिंगीत सगळे हसले. मीही हसलो. कुरियरवाले, गॅसवाले तो कागद वाचून आत डोकावून जायचे, आणि बाई प्रत्येकाला विचारायच्या, "लाइनसाठी आलात का?"

एका संध्याकाळी मी दमून आलो होतो. बाईंनी पुन्हा कंपनीला फोन लावायला सांगितला. मी म्हणालो, "अहो, मोबाइल आहे ना तुमच्याकडे? कशाला हवीय लँडलाइन? कोण फोन करतं हल्ली त्यावर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दारावर कागद नव्हता. दारही बंद होतं. बायको दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग मी ऑफिसातून रोज कंपनीला फोन करायला लागलो. ओणवा न होता. शेवटी एका रविवारी सकाळी खांद्यावर केबलचं वेटोळं घेऊन पन्नाशीचा एक माणूस वर आला. घरत त्याचं नाव, कामोठ्याकडचा. मी दार वाजवून बाईंना बाहेर बोलावलं. त्यांनी त्याला विचारलं, "याआधी कोण येऊन गेलं?"

"आमी पयल्यांदाच येतोय मावशी," तो म्हणाला. "कागदावर कोन काय लिवतंय, आमाला नाय म्हाईत."

बाईंनी त्याच्या आवाजाकडे जरा कान दिला आणि त्याला आत घेतलं.

तासाभरात पांढरी पेटी भिंतीवर लागली, फोन तिला जोडला. नंबर जुनाच राहिला होता. घरत म्हणाला, "कोनाला तरी लावून बघा."

बाईंनी कपाटातून वही काढली. पहिला नंबर फिरवला. आम्हाला दोघांनाही ऐकू येत होतं, हा क्रमांक अस्तित्वात नाही. बाईंनी ते वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. पान उलटून दुसरा फिरवला. तोही अस्तित्वात नव्हता. तिसरा कोणीतरी उचलला आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवला. बाईंनी वही मिटली.

"लाइन उत्तम आहे," त्या घरतला म्हणाल्या.

"येनारा फोनपन बगाया लागंल. कोनाला तरी सांगा, फोन करा म्हनून."

बाई रिसिव्हरची वायर सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवार आहे. सगळे कामात असतील."

मी आमच्या घरात गेलो आणि बाईंचा नंबर लावला. दोन दारांपलीकडून घंटी ऐकू आली. बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला.

"हॅलो," बाई म्हणाल्या. खणखणीत नव्हता तो आवाज.

"मी बोलतोय, समोरून. नीट येतंय ऐकू?"

"येतंय."

काम झालं होतं. मी ठेवणार होतो, पण त्यांनी ठेवला नाही.

"आज काय केलंय तुमच्याकडे?"

"बोंबील."

"आई बोंबील करायची तेव्हा मी ड्यूटीवर असायचे," त्या म्हणाल्या. "माझे तेवढे वेगळे काढून ठेवायची. मग मी आल्यावर शेजारी बसून राहायची, मी खाईपर्यंत." पुढे म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी विचारलंत ना, कोण फोन करतं. कोणी नाही करत. पण बंद पडला तर कोणी करत नाही हे तरी कसं कळायचं?"

मी म्हणालो, "आईंचं सांगत होतात."

त्या सांगायला लागल्या. बारा वर्षांत दारात उभ्या राहून जे बोलल्या नव्हत्या, ते सगळं. मधेच घरत आमच्या दारात आला, टेस्ट झाल्याची खूण केली, चपला पायात सरकवल्या आणि आवाज न करता जिना उतरला.

बायकोने वाटीत बोंबील काढले, वर झाकण ठेवलं आणि समोर देऊन येऊ का, असं खुणेनं विचारलं. मी हातानेच तिला थांबवलं. नंतर. आत्ता बाई फोनवर होत्या.