पालक, काकडी, पुदिना, आलं, बाकी काही नाही

गोरेगाव ते दहिसर ह्या पट्ट्यात गुप्तहेर मार्तंड घाडी हे नाव आदराने घेतलं जातं. घेणारा सध्या मी एकटाच आहे, पण घेतो तेव्हा आवाजात आदर असतो. माझी नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि स्मरणशक्ती हत्तीची. ह्यात माणसाचं काय आहे ते कळलं तर बरं होईल, असं माझी बायको उत्तरा म्हणते. ती माझी साहाय्यकही आहे. तिने कधी होकार दिलेला नाही, पण तिचा नकार मी पुरावा म्हणून ग्राह्य धरत नाही. पोटासाठी मी एसी दुरुस्तीच्या तक्रारी फोनवर घेतो. गॅस संपला म्हटलं की कुणावर संशय आहे का, हे मी आधी विचारतो आणि गिऱ्हाईक फोन ठेवून देतं.

तर एका रविवारी शेजारच्या बिल्डिंगमधली सुलक्षणा दारात उभी राहिली. तिचा नवरा नितेश म्हणजे माझा लहानपणचा दोस्त, स्टुडिओत लाइट लावतो. त्याची साखर वाढलीय, वजन उतरवा, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून हिने त्याचा भात, तळलेले मासे, चहातली साखर, सगळं बंद केलं होतं. मोबाइलवर बघून ती रोज सकाळी हिरवी स्मूदी करायची आणि समोर उभी राहून त्याला प्यायला लावायची. एवढं करून नव्या तपासणीत साखर वर गेली होती आणि तिच्या सोबतीला वजनही.

"भावोजी, तो बाहेर खातो आणि तोंडावर खोटं बोलतो," ती म्हणाली. "खाल्लं त्याचं मला काही नाही. पण खोटारड्यासाठी मी पहाटे उठून पालक धुणार नाही. बॅग भरतेय. गावी गेले की परत येणार नाही."

तिचे डोळे भरून आले. उत्तराने तिला पाणी दिलं. मी हात मागे बांधून खिडकीशी जाऊन उभा राहिलो, कारण अशा वेळी गुप्तहेराने तिथे उभं राहायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घटनास्थळी, म्हणजे तिच्या स्वयंपाकघरात हजर झालो. स्मूदी माझ्या डोळ्यांदेखत झाली. रिकामा बसू नये म्हणून सुलक्षणाने माझ्यापुढे विळी सरकवली आणि उलटतपासणी घेता घेता मी नारळ खवून दिला. मालवणी माणसापुढे विळी आली की तो नारळ खवतो, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. मग मी पेल्यावर बोट रोखून विचारलं की ह्यात काय काय आहे. पालक, काकडी, पुदिना, आलं, बाकी काही नाही, असं तिने शपथेवर सांगितलं. मी चाखून बघितली. चव निष्पाप होती. खात्रीसाठी दुसरा पेलाही घेतला आणि स्मूदीला संशयितांतून वगळलं.

मग मी नितेशच्या मागावर स्टुडिओपर्यंत गेलो. गेटसमोरच्या गाडीवरून पाळत ठेवायची तर गिऱ्हाईक व्हावंच लागतं. जेवणाच्या सुट्टीत नितेश बाहेर आला, माझ्याकडे बघत त्याने डब्यातली काकडी खाल्ली आणि आत गेला. मी मात्र तपासाच्या ओघात वडापाव, भजीपाव आणि समोसापाव असा क्रम पूर्ण केला.

म्हणजे गुन्हेगार वजनकाटाच. त्यांच्या घरच्या काट्यावर मी स्वतः उभा राहिलो, तर त्याने धादांत खोटा आकडा दाखवला. उत्तराचं वजन मात्र अचूक आलं. हा काटा फक्त पुरुषांशी वैर धरून आहे, असा निष्कर्ष मी काढला. साखर काट्यावर मोजत नाहीत, असं उत्तरा म्हणाली आणि तो धागा तुटला.

राहता राहिला पालक. तो फुगवायला औषध मारत असणार आणि जे औषध पालकाला फुगवतं ते नितेशला का सोडेल? मी भिंग घेऊन भाजीवालीकडे गेलो. रोज तोच पालक खाणारी ती बाई काडीसारखी होती. जुडी घ्या नाहीतर उजेड सोडा, असं तिने सांगितलं.

त्या संध्याकाळी नितेश स्वतःच माझ्याकडे आला. तू माझा दोस्त की तिचा, असं त्याने विचारलं. मी सत्याचा, असं मी म्हणालो. तो मटकन खुर्चीत बसला.

"मग सत्य आयक," तो म्हणाला. "तळलेल्या बांगड्याचो वास इलो तरी मी दुसऱ्या गल्लीन जातंय रे. आणि ती माझ्याशी बोलणा नाय."

एवढा आडवा-तिडवा माणूस हुंदके द्यायला लागला. मला फार वाईट वाटलं. थोडा वेळ गुप्तहेरपण विसरून मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

रविवारी मी सगळ्यांना सुलक्षणाच्या स्वयंपाकघरात जमवलं. दाराआड तिची भरलेली बॅग होती. तरी घरात आलेल्याला कोरडं कसं बसवायचं, म्हणून तिने प्रत्येकाच्या हातात स्मूदीचा पेला दिला. मी घसा साफ केला आणि नितेश झोपेत चालत जाऊन खातो, म्हणून त्याचं त्यालाच ठाऊक नाही, हा माझा अंतिम सिद्धांत मांडायला घेतला.

उत्तराचं माहेर साताऱ्याकडचं. तिने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"सुलक्षणा, हे आमच्याकडे लग्नात पक्वान्न म्हणून पानात वाढतील," ती म्हणाली. "ह्यात नारळ किती आहे?"

"एक," सुलक्षणा म्हणाली. "रोज ताजो फोडतंय. खोबऱ्याशिवाय मिक्सर कोण लावता?"

"आणि गोड कशाने लागतंय?"

"खोबरा इला की गुळाचो खडो येताच. ता काय वेगळा सांगूचा आसता?"

मी आणि नितेशने एकदमच माना डोलावल्या. वेगळं सांगायचं नसतंच. उत्तरा आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली, तेव्हा कुठे हळूहळू एकेकाची मान थांबली.

सुलक्षणा जमिनीवरच बसली. बाहेर खरंच काही खाल्लं नाहीस, असं तिने नितेशला विचारलं. चणासुद्धा नाही, असं तो म्हणाला. ती उठली, बॅग ओढत आत नेली आणि कपाटात साड्या परत लावायला लागली. नारळावर मला पहिल्यापासून संशय होता, म्हणून तर तो मी स्वतःच्या हाताने खवला, हे मी सर्वांना समजावून सांगितलं. निघताना सुलक्षणाने घरात उरलेला नारळ मला दिला. नोकरीवरून काढतात त्यालाही नारळच देतात, असं उत्तरा जिन्यात म्हणाली. मी ते मानधन समजतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकरण रीतसर बंद करायला मी तिथे गेलो. बिनखोबऱ्याची, बिनगुळाची स्मूदी तयार होती. पेले दोन होते. चूक माझी, तर मीही पिणार, असं सुलक्षणाचं म्हणणं होतं. दोघांनी एकदम घोट घेतला. नितेशच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं की कोकणातल्या माणसाला पालक प्रथमच एकटा भेटल्यावर असंच होतं.

"मार्त्या," तो माझ्या कानाशी कुजबुजला, "ह्याच्यापरास संशय बरो होतो."

सुलक्षणाने ते ऐकलं आणि ती हसायला लागली. कित्येक दिवसांनी ती हसत होती. नितेश तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने नाक दाबून आपला पेला संपवला, आणि तिच्या हातातला घेऊन तोही संपवला.