साळूबाईच्या कमरेला आकडी

फणसावरून पडल्यापासून सदूचे पाय रुसले होते. तरी रोज सकाळी तो पाठीमागे कमरेला लाकडी आकडी बांधायचा, तिच्यात कोयता अडकवायचा आणि ओटीवर बसायचा. तोडायचं काहीच नसे. पण कोयत्याविना डोंगरावरच्या कुडपण गावात पुरुष कसला, असं त्याचं मत. सरपण साळूबाई तोडायची, तेही बोथट कोयतीने. नवऱ्याच्या कोयत्याला हात लावायची तिला बंदी होती.

महाडच्या फिजिओथेरपी केंद्रात प्रियदर्शिनी मॅडम त्याच्या कण्यावर चुंबकाचं मशीन धरत. सुई नाही, चिरफाड नाही. नुसतं टक-टक-टक, आणि पाय आपोआप उडायचा. सदू निवांत पडून राहायचा.

"काका, मशीन नुसती हाक मारतंय. ओ तुम्ही द्यायची," मॅडम म्हणाल्या. "जोर लावला नाहीत, तर कायमची चाकाची खुर्ची."

"कुडपणात खुर्ची? दारातनं सुटली की थेट दरीत!" सदू हसला.

त्या दिवशी महाडला न्यायची जीप लवकर आली आणि गडबडीत सदू आकडीसकट जीपमध्ये बसला. चुंबकाजवळ लोखंड चालत नसे, म्हणून केंद्रात त्याने सेफ्टी पिन, चुन्याची डबी, किल्ली काढून दिली आणि पाठ भिंतीला टेकवली.

"आणि पाठीमागचं लोखंड?" मॅडमनी विचारलं.

"त्ये लोखंड नाय, कोयता हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे अंगाचाच भाग हाय."

"मग अंगासकट बाहेर बसा."

सदूने तोंड वाकडं करून गाठ सोडली. साळूबाईच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात त्याच्या चपला. ठेवणार कुठे? तिने सरळ आकडी स्वतःच्या कमरेला आवळली आणि बाहेर गेली. सदू आ वासून बघत राहिला.

मशीन टकटकू लागलं. खिडकीबाहेर जीपवाल्या जुनैदचा आवाज आला, "काकी, घरची शहाळी आणलीत. कोयता रायला घरी. तुमचा चालंल?"

खच्!

"अगो ए! धार जाईल!" सदू ओरडला.

खच्! दुसरं शहाळं.

"वा काकी! काकांपेक्षा तुमचा हात साफ हाय!"

सदूचा पाय ताडकन वर गेला.

"काका! मशीन मी मघाशीच बंद केलंय!" मॅडम किंचाळल्याच. "हा तुमचा पाय, तुमचाच!"

सदूला ऐकायला सवड कुठली? "वॉकर द्या आदी!"

मॅडमनी वॉकर पुढे ठेवला आणि मागून धरलं. दात-ओठ खात, एक-एक पाऊल ओढत तो दारात आला. इतके दिवस दोघांनी धरूनही हे पाऊल पडलं नव्हतं.

साळूबाईच्या हातातलं शहाळं निसटलं. तिला रडूच फुटलं. "अवो... चाललात की वो!"

"त्ये ऱ्हाऊ दे. आकडी सोड!"

तिचा हात गाठीकडे गेलाही. तेवढ्यात सदूच्या मागून मॅडमनी हळूच मान हलवली. नको.

साळूबाईने पदराने डोळे पुसले, पदर खोचला आणि फाटकाकडे चालू लागली. "घरी चला, मंग देते."

"थांब गो! बगतोच तुला!"

शिव्या घालत सदू निघाला. मागे मॅडम, हात पुढे धरून. साळूबाई जीपजवळ थांबली नाही. सदूही थांबला नाही.

जीपमध्ये बसलेल्या जुनैदचा हात त्यांना थांबवायला हॉर्नवर गेला होता. तो त्याने हळूच काढून घेतला.