दाबक्यांचं थंडीचं झाड

२०२२ साल. मी अठ्ठ्याहत्तरचा. लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटात दाबके राहायचे. भर जानेवारीत यांचं हीटिंग बंद, खिडकी सताड उघडी. चहाला गेलं तर अंगातला कोट काढायची सोय नाही.

"झाडाला उकडतं हो," म्हणायचे.

झाड म्हणजे क्रोबेरी. वीतभर उंच, कुंडीत आडवं पसरलेलं, पानं सुईसारखी. काळी फळं धरतात म्हणे. मी एकही पाहिलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, पण झाड कुठलं आणि केरसुणी कुठली एवढं कळतं. तसं बोललो तर दाबके भडकले.

"अहो, अख्खा हिवाळा बर्फाखाली हिरवं राहतं हे! हिमयुग सरलं, उबेला दुसरी झाडं आली, तेव्हा हे डोंगरावर जाऊन बसलं. कुणाची मिजास सोसत नाही!"

"मग हॅरोत कशाला डांबलंत?"

दाबके झाडाला पाणी घालायला उठले. नळाच्या पाण्यात चुना, म्हणून झाडाला पावसाचंच पाणी. त्यासाठी बाल्कनीत बादल्या. त्या भरल्या की गळती माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर.

झाड दिलं होतं मुलीनं, मीरानं. ती एडिनबराला झाडांचंच काम करते. पुढे तिनं स्वतःच्या मनानं लग्न ठरवलं, आणि हे हट्टानं लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून रविवारी तिचा फोन यायचा तो फक्त झाडाच्या चौकशीला. बापाची तब्येत विचारायची नाही, स्वतःची सांगायची नाही.

जुलैत लंडन भाजून निघालं. दाबक्यांनी कुंडीभोवती फ्रोझन मटारच्या पिशव्या रचल्या, वर पंखा. मी म्हटलं, "आता उसळच करा." हसले नाहीत.

रविवारी मी वर बसलेलो असताना फोन वाजला. दाबक्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर.

"बाबा, झाड कसा आहे?" मीराचं मराठी इथलंच, मोडकं.

कुंडीत नुसत्या तपकिरी काड्या. पानं टेबलावर झडलेली.

"मस्त गं. नवी पालवी फुटलीय."

"रियली? फोटो पाठव ना."

"पाठवतो, पाठवतो."

"ओके. बाय."

मी कुंडीकडे बोट दाखवलं. दाबके झडलेली पानं तळहातावर गोळा करत म्हणाले, "मेलं म्हणून सांगितलं, तर पुढच्या रविवारी ती काय विचारेल?"

'मूर्ख आहात' असं तोंडावर आलं होतं. गार झालेला चहा संपवला आणि खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीड्सला माझ्या मुलाला फोन लावला, दिवाळीनंतर पहिल्यांदाच. म्हटलं, गुडघा फार दुखतोय रे. गुडघा माझा ठणठणीत आहे.