बिनफीच्या वकिलाकडचं जेवण

नुसत्या चहावर भागलं असतं. पण बिंदुमाधव वकिलांना वाटलं, एवढा मोठा माणूस घरी येतोय, तर जेवायलाच बोलवावं. (कचेरीतली त्यांची सगळी अक्कल घरी येताना संकठा घाटाच्या पायऱ्यांवर कुठंतरी सांडत असे.)

गोष्ट काशीतली, अडुसष्ट सालची. बिंदुमाधवांनी वकिली शिकायला ब्रह्मा घाटावरच्या एका मराठी निधीकडून दोन हजार रुपये कर्ज घेतलं होतं. अट एकच: दहा वर्षं गोरगरिबांचे खटले फुकट लढायचे, की कर्ज माफ. मात्र अशिलाकडून पैसा किंवा वस्तू, काहीही घेतलं तर सगळं कर्ज व्याजासकट परत. बिंदुमाधवांनी एका काळ्या कोटावर दहा उन्हाळे काढले, पण एक पै घेतली नाही. आज निधीचे चिटणीस वासुदेवराव माफीच्या कागदावर सही करायला आले होते.

"वहिनी, भरीत फर्मास झालंय हो," पहिल्या घासालाच वासुदेवराव म्हणाले.

"रामनगरचा भंटा आहे तो, साधंसुधं वांगं नव्हे," प्रभावतीबाई खुलल्या. "शिवनाथ नाववाल्यानं दिला. त्याची जप्त झालेली नाव सोडवली ना आपण."

बिंदुमाधवांनी डोळे वटारले. प्रभावतीबाईंना वाटलं मीठ हवंय, त्यांनी मीठ वाढलं.

"आणि दही?"

"ते रामदुलारचं. गोठ्याच्या खटल्यापासून रोज आणतो. नको म्हटलं तरी ऐकत नाही मेला."

बिंदुमाधव खोकले. प्रभावतीबाईंनी पाणी दिलं.

"अगं, दही मी चौकातून आणलं नव्हतं का?"

"तुम्ही? तुम्हाला चौक कुठं आहे ते तरी ठाऊक आहे का?"

झालं. दहा वर्षांवर पाणी पडलं. घरात भाजी येते कुठून हे बिंदुमाधवांनी कधी विचारलं नव्हतं. (दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याची उलटतपासणी घेतली असती.) पण ते दिवसच तसे होते. गरिबातला गरीब माणूससुद्धा उपकार अंगावर ठेवत नसे, टोपलीत काहीतरी झाकून आणायचाच. त्या माणसांच्या आठवणीनं बिंदुमाधवांना भरून आलं. आणि दोन हजारांच्या आठवणीनं जरा जास्तच.

"वासुदेवराव, चुकलो. कर्ज फेडतो. फक्त हप्ते बांधून द्या."

वासुदेवरावांनी शांतपणे दही संपवलं.

"सकाळी तुमच्या अशिलांना भेटूनच आलोय मी. विचारलं, वकीलसाहेबांना काय काय दिलंत? तर म्हणाले, 'उनको काहे देंगे? साहब तो अंग्रेजी में बोलते थे. ओटे पर बैठाके समझाती तो भौजी थीं. आधे झगड़े उन्हीं ने निपटा दिए. जो दिया, भौजी को दिया.' अट तुम्हाला होती, वहिनींना नव्हती. आणा तो कागद."

सही झाली. संध्याकाळी बिंदुमाधव तो कागद मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. तसं भरीत पुढं आयुष्यात पुन्हा मिळालं नाही, असं ते म्हातारपणीही सांगत. पण त्या संध्याकाळचा पुढचा भाग मात्र गाळत.

शिवनाथ एका नव्या माणसाला घेऊन आला होता.

"भौजी हैं?"

"अरे, मी बसलोय ना इथं. बोल."

शिवनाथनं हात जोडले.

"आप आराम कीजिए साहब. मुकदमे की बात है."