सासूबाईंच्या खाटेखालचं द्राक्षासव

वाइन करणं म्हणजे काय हो, दही लावण्यासारखंच! रस ओतायचा, यीस्ट टाकायचं, झाकण लावायचं आणि हात धुऊन मोकळं व्हायचं!

हे वाक्य माझं. आणि ते मी माझ्या साडूच्या, म्हणजे अभयच्या बाणेरच्या घरी, भर जेवणात सगळ्यांदेखत बोललो. पण माझी तरी काय चूक? हा गृहस्थ हातातला ग्लास गोल गोल फिरवत होता, त्यात नाक खुपसत होता आणि डोळे मिटून "चेरी... किंचित व्हॅनिला..." असं काहीतरी पुटपुटत होता. माणसानं किती सहन करायचं?

"जानेवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत," मी म्हणालो. "त्या दिवशी तुम्हा सगळ्यांना माझ्या हातची वाइन पाजतो!"

टेबलाखालून माझ्या बायकोनं, दीपालीनं, माझा पाय चेचला.

"वा! आणि ते मशरूमचं काय झालं हो, साईनाथराव?" अभयनं थंडपणे विचारलं.

बाल्कनीत लावलेल्या मशरूमचा विषय आमच्या घरी कुणी काढत नाही. मधमाश्यांचा तर अजिबातच नाही.

आम्ही वाघोलीला घरी निघालो. खराडीच्या सिग्नलला दीपालीनं तोंड उघडलं. "अहो, या वेळी फजिती झाली ना, तर पार्टी अभयभावजींच्या क्लबात होईल. आपल्या लग्नावर भाषणही तेच करतील. आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन!"

बघा! माझ्या लग्नाचा वाढदिवस आणि भाषण अभयचं! त्याच दिवशी मी ऑनलाइन किट मागवलं.

किटमध्ये एक मोठी बादली, द्राक्षाच्या घट्ट रसाची पिशवी, यीस्टची पुडी, झाकणावर बसवायची एक वाकडीतिकडी नळी, एक रबरी रिंग आणि माहितीचं पुस्तक निघालं. पुस्तक मी चाळलं. चित्रं छान होती. नळीत पाणी भरायचं, आत रस आंबायला लागला की त्या पाण्यातून बुडबुडे येतात, एवढं कळलं. रिंग बहुतेक जास्तीची आली असावी म्हणून ड्रॉवरमध्ये टाकली.

बादलीला अंधारी, निवांत जागा हवी होती. आमच्या फ्लॅटमध्ये अशी एकच जागा आहे, सासूबाईंच्या खाटेखाली. शालनताई, म्हणजे दीपालीच्या आई, आमच्याकडेच असतात. खाटेच्या वर भिंतीवर सासऱ्यांचा खाकी गणवेशातला फोटो. ते आमच्या लग्नाआधीच गेले. फॉरेस्टात होते. त्यांच्या आठवणी सांगायला आईंनी सुरुवात केली की मी मान डोलावतो आणि मनातल्या मनात क्रिकेटचा स्कोअर आठवतो. वर्षानुवर्षांची सवय!

"साईनाथराव, हे काय ठेवताय?"

आता सासूबाईंना काय सांगायचं? तुमच्या खाटेखाली दारू गाळतोय?

"द्राक्षासव, आई! आयुर्वेदिक. तुमच्या गुडघ्यांसाठी."

आईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बादलीकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बुडबुडे नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी जमिनीवर पालथा पडून त्या नळीकडे टक लावून पाहायचो. एक बुडबुडा येईल तर शपथ! एका व्हिडिओत सांगितलं की थंडीनं यीस्ट सुस्तावतं. डिसेंबरातली वाघोली! माणसं सुस्तावतात, तिथे यीस्टचं काय! मी आईंची शाल काढून बादलीला गुंडाळली. मग रजई. मग त्यांची शेकायची पिशवी.

"अहो, माझा गुडघा!"

"आई, गुडघ्यासाठीच तर चाललंय सगळं!"

बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. बाहेर मात्र बोलल्या. सकाळी बागेतल्या कट्ट्यावर त्यांनी जावयाचं तोंडभरून कौतुक केलं. परिणाम म्हणून त्यांची मैत्रीण बायडाबाई दारात हजर. हातात रिकामी बाटली!

"जावईबापू, मला बी वाईच द्या की. माजं गुडघं बी लई दुखत्यात. माज्या लेकी पन इच्यारत हुत्या."

बायडाबाईंच्या मागोमाग सगळा कट्टा आला. माझ्या शू-रॅकवर बाटल्यांची रांग लागली. आत बुडबुडा नाही आणि बाहेर गिऱ्हाईकं!

मी घाबरलो. बुधवार पेठेतल्या एका दुकानातून यीस्ट पैदा केलं आणि आणखी एक पुडी आत सोडली. वर गूळ घातला, ताकद यावी म्हणून. आणि झाकण सैल वाटलं म्हणून कडेनं एम-सील थापलं. आता हवा जाईलच कुठे?

खरंच, जाणार कुठे?

रविवारी अभय "सहज" आला. पांढरा लिननचा शर्ट घालून. "चला, प्रगती दाखवा!"

मी ऐटीत बादली बाहेर ओढली. झाकण टम्म फुगलं होतं. नळीत गुळाचा फेस घट्ट अडकून बसला होता.

"हे असंच असतं?" नाक पुढे काढत अभयनं विचारलं.

"ही तर सुरुवात आहे!" मी म्हणालो.

फट्!

नळी पंख्यावर. झाकण कपाटावर. आणि वाइन? अभयच्या शर्टावर, माझ्या डोक्यावर, सासऱ्यांच्या फोटोवर! दीपाली धावत आली आणि दारातच कपाळाला हात लावून उभी राहिली. संपलं सगळं! मला क्लबातलं भाषण ऐकू यायला लागलं.

तेवढ्यात आई उठल्या. आधी पदरानं फोटोची काच पुसली. मग बादलीवर वाकून वास घेतला. मग कान लावला.

"उतू गेलंय ते गेलं. उरलेलं उत्तम चाललंय," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून चाललंय. झाकण फटीतून श्वास घेत होतं, म्हणून तुमच्या नळीला बुडबुडे नव्हते. ड्रॉवरमधली ती रिंग आणा, नळी धुवा, झाकण नीट लावा. आणि आता हात लावाल तर खबरदार!"

"आई, पण द्राक्षासवाबद्दल तुम्हाला इतकं..."

"कसलं द्राक्षासव!" आईंनी फोटोकडे बोट केलं. "हे कुठल्या खात्यात होते?"

"फॉरेस्टात."

"अहो!" दीपाली किंचाळली. "पंचवीस वर्षं झाली! बाबा दारूबंदी खात्यात होते!"

मी फोटोतल्या खाकी गणवेशाकडे पुन्हा नीट पाहिलं. अभयच्या शर्टावरून थेंब पडत होते.

"नोकरीभर पिंपं फोडली ह्यांनी," आई म्हणाल्या. "घरी यायचे तेव्हा गणवेशाला हाच आंबूस वास. धुवायचा कुणी? मी! आंबणं कधी चालू झालंय आणि कधी बिघडलंय, हे ओळखायला मला बादलीजवळ जायची गरज नाही."

"मग बोलला का नाहीत?"

आईंनी शाल घडी करायला घेतली. "किती वर्षांनी खोलीला ह्यांचा वास आला," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी जाग आली की वाटायचं, ड्यूटीवरून आलेत. म्हणून नाही बोलले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाइनच गेली होती म्हणा डोळ्यांत, पण खरं सांगतो, नुसती वाइन नव्हती. त्या बाईची शाल, रजई, शेकायची पिशवी, सगळं मी ओरबाडलं होतं, आणि तिची गोष्ट मात्र कधी पुरती ऐकली नव्हती. आई, तुमचे उपकार कसे फेडू?

पुढे मी एकच काम केलं. रोज संध्याकाळी आईंच्या खाटेपाशी बसून सासऱ्यांच्या धाडी ऐकल्या, आणि बादलीला बोट लावलं नाही. काय एकेक किस्से! क्रिकेट झक मारतं!

जानेवारीत पार्टी आमच्याच घरी झाली. बायडाबाईंना खऱ्या द्राक्षासवाच्या बाटल्या आणून दिल्या होत्या, तरी त्या पार्टीला आल्याच. अभयनं ग्लास फिरवला, नाक खुपसलं, डोळे मिटले. एक घोट घेतला. "चांगली झालीय," तो म्हणाला. "गुळाचा किंचित..."

दीपालीनं पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी!

मी भारावून उभा राहिलो, ग्लास फोटोसमोर धरला आणि भाषण सुरू केलं. "बाबा, आज तुम्ही असायला हवे होतात!"

"नकोच ते," आई चमच्यानं वाइन चाखत म्हणाल्या. "हे असते तर केक कापायच्या आधी तुम्हाला जीपमध्ये घातलं असतं. बसा आता. आणि माझी शेकायची पिशवी तेवढी द्या."