शनी, सकाळी अकरा ते पाच

"सर, ह्या दुर्बिणीतून तुमी सोता कधी एखांदा तारा पाह्यला काय?"

प्रश्न विचारला मी, पण तो होता मोनालीचा. "हिंमत असंल तं विचार, नाई तं वर्षभर शेवटच्या बाकावर बस," असं तिनं बसमध्ये सगळ्या पोरींसमोर ठणकावलं होतं. नववीपर्यंत मी हजेरी देतानाही लाजायची. दहावीत आल्यापासून मी कुणाला भीत नाही, आणि ते सगळ्यांना कळावं अशी माझी फार इच्छा आहे.

आमची सहल तेल्हाऱ्याकडच्या टेकडीवरच्या वेधशाळेत आली होती. फाटकावर पाटी होती: 'आकाश सर्वांसाठी. वेळ सकाळी अकरा ते सायंकाळी पाच.' सकाळी अकराला आकाशात जे असतं, म्हणजे सूर्य, त्याच्याकडे दुर्बीण वळवायला सक्त मनाई होती. पण सरकारी दुर्बीण बिनकामाची ठेवता येत नाही. म्हणून ती खालच्या गावच्या पाण्याच्या टाकीवर कायमची रोखून ठेवलेली होती. आमच्या अख्ख्या वर्गानं रांगेत उभं राहून टाकी पाहिली. ती उलटी दिसत होती, आणि तिच्यावरचं 'पाणी जपून वापरा' हेसुद्धा उलटं. खगोलीय दुर्बिणीत प्रतिमा उलटीच दिसते, असा खुलासा विज्ञान-प्रसार अधिकारी मनोज सरांनी केला. वर्गानं तो वहीत उतरवून घेतला.

माझ्या प्रश्नावर सर मुळीच चिडले नाहीत.

"तारा नाही पाहिला," ते शांतपणे म्हणाले, "पण टाकी रोज पाहतो. मागच्या आठवड्यात भरून वाहत होती, तेव्हा ग्रामपंचायतीला पहिला फोन आमचाच गेला. लोकसंपर्क म्हणतात तो हाच."

"पण मले शनीचं कडं पाह्यचं हाय!"

हे मात्र मोनालीनं पढवलेलं नव्हतं. ते कडं पुस्तकात पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून मला ते खरंखुरं, माझ्या स्वतःच्या डोळ्यानं पाहायचं होतं.

"बेटा, शनी रात्री दिसतो."

"मंग रात्री उघडा ना, सर."

"उघडत होतो. मग पालकांचा अर्ज आला, की अंधार पडल्यावर पोरीच्या जातीनं टेकडीवर जाऊ नये. आम्ही मुलींना बंदी केली. पण नुसतं मुलांना दाखवणं म्हणजे भेदभाव! म्हणून समानतेच्या तत्त्वानुसार रात्र सगळ्यांनाच बंद केली."

माझी मागणी मात्र रास्त ठरली. 'शनी कार्यालयीन वेळेत उपलब्ध करून मिळावा' असा प्रस्ताव वर गेला. वरून उत्तर आलं: 'शनीची वेळ बदलणे या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. स्थानिक पातळीवर व्यवस्था करावी.'

स्थानिक पातळीवर एक पेंटर उपलब्ध होता. त्यानं टाकीवर शनी रंगवला, कड्यासकट. खाली ठळक अक्षरांत नाव घातलं, तेही उलटं, म्हणजे दुर्बिणीतून सुलटं दिसावं. व्यवस्था निर्दोष होती. शनी आता रोज अकराला हजर राहू लागला. आभाळ भरून आलं तरी त्याची गैरहजेरी नव्हती.

अडचण एवढीच, की खालचं गाव दुर्बिणीतून पाहत नव्हतं.

"शनी उलटला वं माय!" गावातल्या भागीरथाबाईनं टाकीकडे पाहून बोंब ठोकली आणि शनिवारी टाकीच्या पायथ्याशी तेल ओतलं. पुढच्या शनिवारी अकोटहून गाड्या भरून लोक आले. तेलावरून पाणी नेणाऱ्या बाया घसरू लागल्या. जी घसरली तिला साडेसाती लागली हे उघडच होतं, त्यामुळे तीही तेल घेऊन आली. ही सगळी गर्दी मनोज सरांनी 'खगोलशास्त्रात रुची घेणारे नागरिक' या सदरात वर कळवली. वेधशाळेला लोकजागृतीचं पहिलं बक्षीस मिळालं.

आमचा धंदा फुलांचा. आईबाबांनी टाकीखाली रुईच्या माळांचं दुकान लावलं. लोकांना साडेसाती लागत होती आणि आम्हाला ती फळत होती. घरात एकटी मीच नाराज, कारण शनी अजून पाहायचाच होता.

काल माळा ओवता ओवता मी विचारलं, "बाबा, तो रातच्या टेकडीचा अर्ज कोनं केला होता?"

बाबा एकाएकी फार मन लावून ओवायला लागले. आईनंच सांगितलं, "पयली सही तुह्या बाबाची. काहून, काई चुकलं काय?"

"अन् चांदूर बाजारले अमोलदादाच्या वरातीत मी डीजेपुढं आर्ध्या रातीपर्यंत नाचली, तवा? तुमीच तं म्हने, नाच वं, लाजू नको!"

"ते लगन होतं," बाबा म्हणाले.

"अंधार तं तोच होता ना?"

"लग्नातला अंधार घरचा राह्यते, दीक्षा. तुले नाई समजत."

मला ते केव्हाच समजलं होतं; अर्जावरच्या सह्याही मनोज सरांनी मला आधीच दाखवल्या होत्या. मी माळ खाली ठेवली आणि उभी राहिले.

"मंग आयका. मी लगन ठरवलं."

बाबांच्या बोटात सुई घुसली. आईच्या हातातली परडी पडली. "कोनाचं वं?"

"शनीचं. येत्या शनिवारी रात्री टेकडीवर वरात हाय. मोनाली वऱ्हाड घेऊन येऊन राहिली, वर्गातल्या झाडून साऱ्या पोरी. मनोज सरायले नवरदेवाचा मामा केलं. मामाले पाच वाजता घरी जाता येत नाई, म्हून ते दुर्बीण घेऊन थांबून राहिले. नवरदेवाकडचं कडं पाह्यचं, अन् मंग नाचायचं. हार तुमच्याकडून."

"अन् नवरी?" आईनं कसंबसं विचारलं.

"वरातीत नवरी कोन पाह्यते, आई? अर्जावर ज्याच्या ज्याच्या सह्या होत्या, त्या साऱ्यायच्या घरी पत्रिका देऊन आली मी. पोरीले रात्री कसं धाडू, असं एकानंई म्हटलं नाई. साऱ्यायनं एकच विचारलं..."

बाबांनी रक्त आलेलं बोट तोंडातून काढलं. "जेवनात काय हाय?"

"हेच!" मी म्हटलं. "तुमीबी या."